चारसोवीसचं ३१८ झालं, पुढे?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: स्कोप कशाला आहे? कॉम्प्युटर घ्यावं की डेटा सायन्स, मेकॅनिकल अजून चालतं का, सीएच्या मागे इतकी वर्षं घालवावीत का, पोरगी आर्ट्‌स म्हणते तर तिला घेऊ द्यावं का. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंडचे कटऑफ, मामा-काकांचे सल्ले आणि कॉलेजच्या दारावरचे पॅकेजचे फलक यांच्या गर्दीतून वाट काढताना बहुतेक पालकांच्या मनात एक गृहीतक पक्कं असतं: अठराव्या वर्षी दार बरोबर निवडलं की पुढची चाळीस वर्षं बघायला नको. हे गृहीतक वेडेपणाचं नाही. मागच्या पिढीत माणूस बँकेत, वीज मंडळात, शाळेत किंवा एसटीत एकदा चिकटला की निरोपसमारंभाचा नारळ घेऊनच बाहेर पडायचा. पण त्या पिढीलाही मधेच नव्यानं शिकावं लागलंच होतं. जाडजूड लेजरमध्ये शाईनं नोंदी करणारा कारकून पन्नाशीत कीबोर्डसमोर बसला. फरक इतकाच, की ते शिकणं पगारी होतं, बऱ्याच अंशी ऑफिसच्या वेळेत होतं आणि त्याला शिक्षण म्हणायची कुणाची पद्धत नव्हती. आता मुलांच्या वाट्याला येणारं पुन्हा शिकणं तितकं सुखाचं असेलच असं नाही. म्हणून ब्रँच कोणती या प्रश्नाइतकाच दुसरा एक प्रश्न आत्ताच विचारायला हवा: या ब्रँचचं पुस्तक पस्तिशीत बदललं, तर नवं पुस्तक वाचता येईल इतकं जुनं पक्कं झालेलं असेल का?

सर्वांत स्थिर समजल्या जाणाऱ्या धंद्यापासून सुरुवात करू. वकिली. भारतीय दंड संहिता १८६०ची. एकशे साठ वर्षांहून अधिक काळ तीच चालली. तिची कलमं न्यायालयातून थेट बोलीभाषेत उतरली. फसवणाऱ्या माणसाला आपण अजूनही चारसोवीस म्हणतो आणि खुनाच्या आरोपीवर तीनशे दोन लागलं म्हणतो. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०२चं १०३ झालं, ४२० जाऊन ३१८ आलं. ५११ कलमांची संहिता ३५८ कलमांवर आली. सोबत फौजदारी प्रक्रिया आणि साक्षीपुराव्याचे कायदेही बदलले. त्यात आणखी एक पेच होता: त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू राहतो. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्या टेबलावर आता दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी असतात. या बदलानं कुणाचं किती अडलं हे बघण्यासारखं आहे. ज्यांची भिस्त कलमांचे आकडे तोंडपाठ असण्यावर होती, त्यांची पाटी एका रात्रीत पुसली गेली. गुन्ह्यामागचा हेतू म्हणजे काय, पुरावा देण्याची जबाबदारी कुणावर, संशयाचा फायदा कुणाला, हे ज्यांना मुळातून कळलेलं होतं, त्यांना मुख्यतः नवी अनुक्रमणिका आणि काही नव्या तरतुदी शिकाव्या लागल्या. काम कष्टाचं होतं, पण आवाक्यातलं होतं.

हिशेबनिसाचंही तेच. महाराष्ट्रात १९९५च्या सुमारास बी.कॉम. होऊन कामाला लागलेल्या माणसाने १९५९चा विक्रीकर कायदा शिकला, २००५ साली व्हॅट शिकला आणि १ जुलै २०१७पासून जीएसटी. एकाच खुर्चीत बसून तीन करपद्धती. डेबिट-क्रेडिट मात्र तिन्हीत तेच राहिलं.

आता ज्या धंद्याला आपण उगाचच अशिक्षितांचा समजतो त्याकडे वळू: दुचाकीचं गॅरेज. जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर उघडायचा, जेट पेट्रोलमध्ये धुवायचा, हवेची फुंकर मारायची, परत बसवायचा आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत इंजिनचा आवाज ऐकायचा. आवाज जुळला की काम झालं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६चे निकष आले आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी इंजेक्टर आला, सेन्सर आले आणि किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणारा एक छोटा संगणक आला. फिरवायला स्क्रूच उरला नाही. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडायचा आणि पडद्यावर आलेला कोड वाचायचा. इथपर्यंत ऐकून वाटेल, जुन्या मिस्त्रीचं ज्ञान भंगारात गेलं. पण कोड फक्त एवढंच सांगतो की, समजा, मिश्रणात हवा जास्त झाली आहे. ती का झाली? रबरी जोडाला चीर पडून बाहेरची हवा आत ओढली जातेय, की पंपाचा दाब पडलाय, की ऑक्सिजन सेन्सरच चुकीचं सांगतोय? एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे साडेचौदा-पंधरा भाग हवा लागते, हे गणित कार्ब्युरेटरच्या काळात होतं तेच आजही आहे. ज्याला ते कळलेलं आहे तो आधी रबराचा जोड बोटांनी चाचपतो. ज्याला फक्त स्क्रू फिरवणं येत होतं तो नवा सेन्सर टाकतो, गिऱ्हाइकाला बिल लावतो, आणि आठवड्यात दिवा पुन्हा लागतो.

या उदाहरणांतून माझं म्हणणं निघतं, आणि ते आयुष्यभर शिकत राहा या गुळगुळीत सल्ल्यापेक्षा थोडं वेगळं आहे. प्रत्येक कामात एक थर लवकर बदलतो: कलमांचे आकडे, कराचे फॉर्म, सॉफ्टवेअर, सुटे भाग. त्याखालचा दुसरा थर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नवं शिकणं सोपं जातं ते खालचा थर मजबूत असलेल्याला. म्हणजे पुढे कितीदा शिकता येईल हे बरंचसं पहिलं शिकणं किती खोल झालं यावर ठरतं. आपली परीक्षापद्धती आणि बरेचसे क्लास मात्र नेमका वरचा थर घोटून घेतात, कारण तो मोजायला सोपा असतो. गाइडमधून पाठ केलेलं उत्तर मार्क देतं आणि पाच वर्षांत शिळं होतं. तेव्हा आयुष्यभराच्या शिक्षणाची तयारी चाळिशीत सुरू होत नाही. ती अकरावीत, का हा प्रश्न विचारायची सवय लागते की मोडते, तिथेच होते.

याच कारणामुळे सर्टिफिकेटं गोळा करण्याला मी शिकणं म्हणायला तयार नाही. सेकंड इयरच्या मुलांच्या बायोडेटामध्ये आठ-दहा ऑनलाइन कोर्स असतात. त्यांतल्या एकातलाही एक प्रश्न नीट विचारला की गाडी अडते. एनपीटीईएल किंवा ‘स्वयं’ या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची उत्तम व्याख्यानं फुकट मिळतात, ही साधी गोष्ट नाही. पण व्हिडिओ दीडपट वेगानं पळवून शेवटची प्रश्नमंजूषा उरकली, तर त्यातून कागदच हाती लागतो. सहा महिन्यांत एक विषय घ्यावा, त्यातली गणितं वहीत सोडवावीत, काहीतरी मोडतोड करून बघावी. मग प्रमाणपत्र नाही मिळालं तरी चालेल.

या सगळ्यावरचा पहिला आक्षेप वयाचा असतो. पिकल्या पानाला वळण कसं लागणार? त्यात तथ्य आहे. नवं पटकन पकडण्याचा वेग वयाबरोबर कमी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेग कमी होणं वेगळं आणि दार बंद होणं वेगळं. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यापासून दहा किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते डोक्यात बसवावे लागतात. त्याला तीन-चार वर्षं जातात आणि बरेच जण मधेच सोडतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उमेदवारांचे मेंदू तयारीच्या आधी आणि नंतर तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असं दिसलं, की जे परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतला, जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा भाग वाढला होता. नापास झालेल्यांचा वाढला नव्हता. ही सगळी प्रौढ माणसं होती. त्याच अभ्यासात हेही आढळलं, की उत्तीर्ण झालेले दुसऱ्या एका दृश्य स्मरणाच्या चाचणीत थोडे मागे पडले. म्हणजे मोठेपणी शिकता येतं, पण फुकट नाही. कशासाठी काय सोडायचं याचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब अठरा वर्षांच्या पोरापेक्षा चाळीस वर्षांच्या माणसाला बरा जमतो, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. वेळ कुठून आणायचा, पैसे कोण देणार? घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं सांभाळणाऱ्याला स्वतःला अपडेट ठेवा म्हणणं सोपं असतं. या सल्ल्यात एक लबाडीही लपलेली असते: काम गेलं तर दोष तुमचा, कारण तुम्ही शिकला नाहीत. मुंबईच्या गिरणगावानं हे सोसलं आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही आणि गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. साचा खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या बोटांत केवढं कसब होतं. तुटलेला धागा तो क्षणात जोडायचा, आवाजावरून साच्याचा बिघाड ओळखायचा. पण ते कसब दुसऱ्या कामाला वळवायला जो एक-दीड वर्षाचा पगारी अवकाश लागतो, तो त्याला कुणी दिला नाही. कुणी गावाला परतला, कुणी वॉचमन झाला, कुणाच्या बायकोने खानावळीचे डबे करून घर चालवलं. त्या कामगारांत शिकण्याची इच्छा नव्हती असं म्हणणारा इतिहासाशी खोटं बोलतो. सिंगापूरने २०१५ साली स्किल्सफ्युचर नावाची योजना आखली आणि पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे प्रशिक्षणासाठी पाचशे सिंगापूर डॉलर जमा केले. छोटा, श्रीमंत देश, त्यांना परवडतं, असं म्हणता येईल. पण तत्त्व श्रीमंतीचं नाही: मधल्या वयातलं शिक्षण ही एकट्या माणसाची हौस नसून सार्वजनिक खर्चाची बाब आहे. आपल्याकडे सगळा भर अजून नोकरीला लागण्याआधीच्या तरुणांवर आहे. ते बदलेपर्यंत पालकांनी एक व्यवहारी गोष्ट करावी: मुलाच्या पहिल्या पदवीवर घरातली सगळी पुंजी ओतू नये. कर्ज काढून वीस लाखांची सीट घेतली आणि तिशीत आणखी एक वर्ष शिकायची वेळ आली, तर ते वर्ष परवडायला हवं.

मोठ्या वयातल्या शिकण्यातून समाजाला काय मिळतं हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकायचं तर शाळेनंच रात्री उघडं राहिलं पाहिजे, इतका साधा हिशेब होता. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी, खांद्यावर दप्तर, हातात पाटी. करिअरच्या हिशेबात या शाळेची किंमत शून्य. पण अंगठा पुढे करणारी बाई बँकेत सही करू लागते, एसटीची पाटी वाचते, आणि नातवंडाला अभ्यासाला बस म्हणताना तिच्या शब्दाला वेगळं वजन येतं. घरातली मोठी माणसं चुकत-माकत शिकताना दिसणं, ही मुलांसाठी कुठल्याही क्लासपेक्षा मोठी सोय आहे. पालकांनीही २०१६नंतर यूपीआय शिकलं, २०२०मध्ये मुलांच्या ऑनलाइन वर्गांची खटपट शिकली. घाबरत शिकले, पण शिकले.

निवडीपुरतं बोलायचं तर, परतीची वाट कुठे मोकळी राहते ते आधी पाहावं. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्यांना पदवीपर्यंत नेत आलं आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन थांबण्याची आणि श्रेयांकपेढीत जमा झालेल्या क्रेडिट्‌सवर परत येण्याची सोय आहे. कागदावर सोय चांगली आहे. बाहेर पडणं सोपं आणि परत येणं अवघड, असं तिचं होऊ नये, इतकी शंका मात्र मला आहे.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकापाशी थांबू नका. लॉ कॉलेज असेल तर मुलांच्या हातात मूळ कायद्याचं पुस्तक दिसतं की परीक्षेचं गाइड, ते बघा. लायब्ररी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारा. इंजिनिअरिंग किंवा आयटीआय असेल तर सरळ वर्कशॉपमध्ये जा आणि लेथचं मॅन्युअल दाखवा म्हणा. ते साहेबांच्या कपाटात कुलपात आहे, की यंत्राशेजारी, तेलकट बोटांनी पानं मळलेलं?