पंधरावं नाव : जनाबाई, गीता आणि आपल्या घराची वंशावळ



आजच्या चिंतनाला दोन गोष्टी घेतल्यात. पहिली म्हणजे संत जनाबाईंच्या नावावर असलेला तो अभंग, ज्यात नामदेवांच्या घरातली सगळी माणसं नावानिशी येतात. दुसरी म्हणजे भगवद्गीतेच्या १७व्या अध्यायातला १५वा श्लोक, ज्यात भगवंत वाणीचं तप सांगतात. या दोन्हींचा संबंध सध्या आपल्या बऱ्याच घरांत चालू असलेल्या एका कामाशी आहे : वंशावळ काढणं आणि ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं.

जनाबाईंनी काढलेली यादी

जनाबाई आमच्या परभणी जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आल्या आणि तिथेच आयुष्यभर राहिल्या. नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होतं.

त्या अभंगात काय आहे? दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, मुलगी लिंबाई आणि बहीण आऊबाई. मोजून १४ माणसं. त्यानंतर जनाबाई स्वतःला मोजतात, पंधरावी.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे अभंग वाचताना माझं लक्ष आधी डेटाकडे गेलं. या १४ नावांत ८ बायका आहेत. सुना आहेत, लेक आहे, बहीण आहे. आणि पंधरावं नाव रक्ताचं नाहीच! आजच्या कुठल्याही वंशवृक्षात जनाबाईंना चौकट मिळाली नसती. पण सातशे वर्षांनंतर त्या घराची माणसं आपल्याला नावाने ठाऊक आहेत, ती अशा अभंगांमुळे.

आपली वंशावळ कशी निघते?

७ सप्टेंबर २०२३ ला राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली. त्यानंतर आपल्याकडे जुने कागद शोधायची जणू लाटच आली. तहसीलच्या कपाटातल्या बासनांतून कागद निघाले, स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. कुणाला दाखला हवा होता, कुणाला नुसतं कुतूहल. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज एक पीडीएफ. आणि "तू कम्प्युटरवाला, तूच बघ" म्हणून एक्सेल शीट माझ्याकडे आली.

ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवात कागदापासून करू नका, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करा. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. मग शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना नंबर १४ आणि १९५४ चं खासरा पत्रक बघा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून त्याआधीचे कागद उर्दूत असतात, काही मोडीत. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. साल फसली असेल तर साधारण ५९० मिळवा, म्हणजे १३५७ फसली हे १९४७ च्या आसपासचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुणी पूर्वज गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नाव सापडू शकतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. दाखल्याच्या अर्जाला जोडायची वंशावळ बापाच्या बाजूने वर चढते. मुलगा, बाप, आजा, पणजा. टेबलमध्ये एकच कॉलम. कार्यालयाला तेवढंच लागतं. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा आपण त्याच कागदाला 'आपलं घराणं' म्हणायला लागतो.

एक 'जौजे'

आमच्या खासरा पत्रकाच्या नकलेत एका शेतावर बाईचं नाव निघालं. पुढे 'जौजे' आणि पणजोबांचं नाव. पण पणजीचं नाव तर वेगळं! ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. मी गावी आत्याला फोन केला. आत्याचं वय ८१. ती म्हणाली, "बापू, ती आमची मोठी माय व्हती. तिला लेकरू नव्हतं. धाकटी बाळंतपणात गेली, मग तुझ्या आजाला तिनंच वाढवलं. तिचं नाव इचारणारा तू पहिला."

म्हणजे जिच्या हातचं खाऊन आमचं अख्खं घर उभं राहिलं, ती आमच्या वंशावळीत नव्हती. आणि त्या कॉलमच्या हिशोबाने ती कधी येणारही नव्हती.

मी काकांना सांगितलं की हे नाव ग्रुपवर टाकतो. काका म्हणाले, "नको. तिच्या नावच्या शेतावरून दोन घरांत तीस वर्षं बोलणं बंद होतं. आता कुठं लग्नाकार्याला येणंजाणं सुरू झालंय. कशाला उकरतो?"

काकांचं चूक होतं का? मला नाही वाटत. सत्य एका बाजूला आणि जुळत आलेली नाती दुसऱ्या बाजूला. इथे गीतेचा १७/१५ कामाला येतो.

पाठवायच्या आधी

भगवंत तिथे वाणीला कसोट्या लावतात. बोलणं ऐकणाऱ्याला हादरवणारं नसावं, खरं असावं, गोड असावं आणि त्याच्या भल्याचं असावं. याच्याच जोडीला स्वाध्याय, म्हणजे नित्याचा अभ्यासही येतो. गंमत बघा, यातली एकच कसोटी पाळणं सोपं आहे. नुसतं खरं बोलायचं तर स्क्रीनशॉट टाकला की झालं. नुसतं गोड बोलायचं तर गप्प बसलं की झालं. तप म्हणतात ते सगळं एकत्र सांभाळण्याला. मला यातून कळलेला अर्थ असा : 'न दुखावणं' म्हणजे लपवणं नव्हे, ते सांगण्याची रीत शोधणं आहे.

म्हणून मी ग्रुपवर काही टाकायच्या आधी दोन्ही घरच्या मोठ्यांना एकेक फोन केला. शेताचा विषय नाही, गट नंबर नाही, क्षेत्र नाही, नकलेचा फोटोही नाही. फक्त तिचं नाव आणि 'हिने आजोबांना वाढवलं' एवढी एक ओळ. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढंच असंल तर टाक."

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. एक चुलतभाऊ त्या दिवशी ग्रुप सोडून गेला, अजून आलेला नाही. पण दुसऱ्या घरच्या चुलतीने कळवलं की यंदा पितृपक्षात तिच्या नावाने पान वाढणार.

त्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. महालयाच्या तर्पणात कुणाकुणाची नावं घेतात, कधी नीट ऐकलंय? बापाकडच्या तीन पिढ्या आहेतच. पण आई-आजी-पणजी आहेत, आईकडचे आजोबा-आजी आहेत, सापत्न माता आहे, बहीण, आत्या, मावशी आहेत, गुरू आणि आप्तही आहेत. मोठ्या मायसाठी आपल्या परंपरेत जागा आधीपासूनच होती. ती फॉर्ममध्ये नव्हती.

आपण काय करू शकतो

१. वंशावळीच्या दोन प्रती ठेवा. एक कार्यालयाची, नियमात बसणारी. दुसरी घराची, ज्यात सुना, लेकी, दत्तक आलेले, वाढवणारे सगळे येतील.

२. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार, दाखल्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. फॉरवर्ड झालेली फाइल परत येत नाही.

३. कागदावरचं आणि ऐकीव यांत खूण ठेवा. 'खासरा पत्रकात आहे' आणि 'आत्याने सांगितलं' हे वेगवेगळं लिहा. दोन्हींना मान आहे, पण सरमिसळ नको.

४. दुखरी गोष्ट आधी ज्याला दुखेल त्याला सांगा, मग सगळ्यांना.

मोठ्या मायचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, तेही याच कसोटीने. ते आमच्या घरच्या वहीत आहे, तिथेच ते शोभतं.

जनाबाईंनी आपल्याला दोन यादी दिल्या असं मला वाटतं. एक नामदेवांच्या घराची. दुसरी त्या प्रसिद्ध अभंगातली, जिथे विठोबा लेकुरवाळा होतो आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, गोरोबा, चोखोबा सगळे त्याचीच लेकरं होतात. पहिल्या यादीत दासी घरची झाली. दुसऱ्या यादीत जातीपातीपलीकडे सगळेच घरचे झाले. वंशावळ काढता काढता आपली नजर पहिल्या यादीकडून दुसरीकडे सरकली, तर हा शोध नुसता कागदांचा राहणार नाही, ती उपासना होईल.

आजचा संकल्प छोटासा आहे. झोपायच्या आधी तुमच्या घरातलं असं एक नाव आठवा जे कुठल्याच कागदावर नाही. घरात मोठं कुणी असेल तर विचारा. आणि वहीत लिहून ठेवा.

जय जय राम कृष्ण हरी!