पाठ, पद आणि बालक : पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या बालसंगीताचा वाङ्मयीन विचार

मराठी बालकवितेच्या अभ्यासात कवीचा विचार होतो, क्वचित चित्रकाराचाही होतो. परंतु मुलांसाठी पदे रचणारा, निवडणारा आणि शिकविणारा संगीतशिक्षक या अभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहतो. वस्तुतः शालेय वयातील मुलाला पद्याचा पहिला संस्कार बहुधा गाण्यातूनच होतो. या दृष्टीने पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या कार्याकडे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पलुस्करांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे शालेय शिक्षण खुंटले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांची गायनाची तालीम सुरू झाली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. 1908 मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू झाले. मैफलीचा गायक आणि वर्गातील शिक्षक या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या. ‘संगीत बालप्रकाश’ ही त्यांची पाठ्यपुस्तके याच दुसऱ्या भूमिकेतून सिद्ध झाली.

गुरुगृही शिकणाऱ्या शिष्याला चीज मुखोद्गत करावी लागे. वर्गात अनेक मुले एकत्र बसतात, तास ठरलेला असतो आणि शिक्षक बदलू शकतो. म्हणून स्वरलेखन आले, क्रमवार पाठ आले आणि पदाची निवडही पाठाच्या सोयीने होऊ लागली. येथे पदाचे वाङ्मयीन स्वरूपच बदलते. ते केवळ रागाचे वाहन उरत नाही, तर मुलाच्या तोंडी कोणते शब्द असावेत, या निर्णयाचे निदर्शक ठरते.

हा निर्णय पलुस्करांनी जाणीवपूर्वक घेतला. परंपरागत ख्याल-ठुमरीच्या पदांत शृंगाराला मोठे स्थान आहे. त्या काळी गाणे म्हटले की प्रतिष्ठित कुटुंबांना नायकिणीची बैठक किंवा नाटकमंडळी आठवे. अशा घरांतील मुलामुलींना वर्गात आणावयाचे तर पदे निर्धास्तपणे म्हणता येतील अशीच हवीत. म्हणून अनेक चिजांतील शृंगारिक शब्द दूर सारून तेथे भक्तिपर शब्द आले आणि सूर-तुलसी-मीरा यांच्या पदांना महत्त्व मिळाले. या धोरणामुळे संगीत मध्यमवर्गीय घरात शिरले आणि मुलींच्या शिक्षणाचा भाग बनले, हे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मुलांच्या हाती दिलेले पद आणि मुलांचे पद या एकच गोष्टी आहेत काय? पं. भातखंडे यांनी ‘चतुर’ या नाममुद्रेने रचलेल्या लक्षणगीतांत रागाचे नियमच पद्यबद्ध होतात. तेथे शब्द अध्यापनाचे साधन आहे. पलुस्करांच्या भक्तिपदांत शब्द संस्काराचे साधन आहे. दोन्ही ठिकाणी बालक हा शिकणारा आहे. खेळणारा, विचारणारा, हट्ट करणारा बालक पदाचा वक्ता होत नाही. जे दूर सारले ते अनुचित होते असे मानले, तरी त्याच्या जागी बालकाचा स्वतःचा अनुभव आला नाही.

भक्तीचा स्वीकार केल्यामुळे असे अपरिहार्यपणे घडले, असे मात्र म्हणता येत नाही. या विद्यापीठाच्या परिसरातीलच उदाहरण पाहावे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात फुगडी, पिंगा, हमामा असे खेळ भारुडांतून अध्यात्माची रूपके म्हणून योजले. तेथे उपदेश आहे. पण त्याची लय अंगणातील आहे, पावलांच्या ठेक्याची आहे. कीर्तनकाराच्या घरी वाढलेल्या पलुस्करांना ही परंपरा अपरिचित असणे संभवत नाही. वर्गाच्या शिस्तीत तिला जागा मिळाली नाही, असेच म्हणावे लागते.

पुढे 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील मोराला उद्देशून असलेल्या गीताने वेगळी दिशा दाखविली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. येथे वक्ता बालक आहे, आणि पाखराला खेळात बोलावणे एवढेच त्याचे प्रयोजन आहे. संगीतकार स्वतः पेटीवादक आणि काही काळ शिक्षकही होता, ही गोष्टही नोंदविण्यासारखी आहे. चाल सोपी असली तरी ती पाठासाठी सोपी केलेली नाही. खेळातील बोलण्याचा स्वाभाविक ठेका तिने उचलला आहे.

या तुलनेतून बालगीताच्या अभ्यासासाठी तीन प्रश्न हाती येतात : पदाचा वक्ता कोण? लय पाठाची की खेळाची? मुलापासून कोणते शब्द दूर ठेवले आणि त्यांच्या जागी काय दिले? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण छापील कवितासंग्रहावरून त्याचे उत्तर मिळत नाही. ते गायनवर्गाच्या वह्यांत आणि शाळेच्या प्रार्थनांत शोधावे लागते. मराठवाड्यातील शाळांपुरता जरी असा शोध घेतला गेला, तरी 17 सप्टेंबर 1948 पूर्वीच्या निजामी राजवटीत आणि त्यानंतर येथील मुलांच्या तोंडी कोणती मराठी रुळली, यावर प्रकाश पडेल. पलुस्करांनी मुलांना गाणे दिले. त्या गाण्यात मूल कितपत होते, हे तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.