घटक ४ : 'आवडणे', 'पसंत करणे' आणि 'लाइक'

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• 'आवडणे' व 'पसंत करणे' यांतील भेद वाक्यरचनेच्या आधारे सांगता येईल.
• इंग्रजी 'लाइक' या शब्दासाठी संदर्भानुसार योग्य मराठी शब्द निवडता येईल.

४.२ प्रास्ताविक
परतवाड्याहून धारणीकडे जाताना मेळघाटच्या जंगलात सेमाडोह हे गाव लागते. या परिसरात कोरकू, वऱ्हाडी, हिंदी आणि शाळेतील प्रमाण मराठी अशा अनेक भाषारूपांचा वावर आहे. येथील एका वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, अशी कल्पना करा. पाहुणे विचारतात, "पोरगा पसंत केला काय?" वडील म्हणतात, "हो, केला." मावशी मात्र मुलीकडे वळून विचारते, "तुले आवडला काय, बाई?" दोन्ही प्रश्न एकाच मुलाविषयी आहेत. तरीही पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर सामावलेले नाही. असे का, हे आपण पाहू.

४.३ विषयविवेचन

४.३.१ 'आवडणे' : अनुभव
(१) मला आंबा आवडतो.
(२) मला भाकरी आवडते.
(३) आम्हाला आंबा आवडतो.
वाक्य १ व २ मध्ये वस्तू बदलताच क्रियापदाचे रूप बदलले. वाक्य ३ मध्ये व्यक्ती बदलली, पण रूप तेच राहिले. म्हणजे क्रियापद वस्तूशी जुळते. व्यक्तीला 'ला' प्रत्यय लागतो. ही व्यक्ती काही करत नाही, तिला काही वाटते. म्हणून भाषाविज्ञानात तिला 'अनुभवक' म्हणतात.

मात्र 'सीतेला आपले गाव आवडते' या वाक्यात 'आपले' म्हणजे सीतेचे. 'आपला' हे रूप सामान्यतः कर्त्याकडे निर्देश करते. येथे ते अनुभवकाकडे निर्देश करते. म्हणजेच अनुभवकाच्या ठिकाणी कर्त्याचे काही गुण आढळतात.

वऱ्हाडीत हेच वाक्य 'मले आंबा आवडते' असे होते. 'ला'ऐवजी 'ले' येतो. आणि 'तो येते' याप्रमाणेच पुल्लिंगी 'आंबा' असूनही 'आवडते' हे रूप येते. भूतकाळात मात्र 'आंबा आवडला', 'भाकर आवडली' असा लिंगभेद दिसतो. ही चूक नसून त्या बोलीचा नियम आहे. औपचारिक लेखनात प्रमाण रूप वापरावे. परंतु बोलीचे विश्लेषण करताना 'मले' या रूपाला अशुद्ध म्हणू नये.

४.३.२ 'पसंत करणे' : निर्णय
'पसंत' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'मुलीला मुलगा पसंत आहे' या रचनेत तो 'आवडणे'च्या जवळ राहतो. 'करणे' जोडताच चित्र पालटते : 'वडिलांनी मुलगा पसंत केला.' येथे 'नी' प्रत्यय लागलेला कर्ता आहे. दोन कसोट्या लावून पाहा (फुली म्हणजे अस्वीकार्य वाक्य) :
(४) यातला एक रंग पसंत कर. / × यातला एक रंग आवड.
(५) तिने मुद्दाम निळा रंग पसंत केला. / × तिला मुद्दाम निळा रंग आवडला.
निर्णयाची आज्ञा देता येते, तो मुद्दाम घेता येतो. आवडीचे तसे नाही. विधान परिषदेच्या अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितात. त्याला 'पसंतीक्रम' म्हणतात, 'आवडीचा क्रम' नव्हे. मनापासून न आवडणाऱ्या उमेदवारालाही तिसरी पसंती देता येते.

४.३.३ 'लाइक' : एक उलटा प्रवास
आज इंग्रजीत 'लाइक' या क्रियापदाची कर्ता व्यक्ती असते. परंतु जुन्या इंग्रजीत याच क्रियापदाचा अर्थ 'रुचणे' असा होता. जे रुचते ते कर्तास्थानी आणि ज्याला रुचते तो चतुर्थीत, अशी 'मला रुचते'सारखी रचना तेथे होती. कालांतराने व्यक्ती कर्तास्थानी आली.

फेसबुकने २००९ मध्ये 'लाइक'चे बटण आणले आणि मराठीत 'लाइक करणे' रूढ झाले. 'त्याने फोटो लाइक केला' यातील 'ने' पाहा : ही 'पसंत करणे'ची रचना आहे. ही कृती आहे, भावना नव्हे. म्हणूनच निधनवार्ताही कोणी 'लाइक' करतो. त्याला ती आवडलेली नसते, वाचल्याची पोच द्यायची असते. २०१६ मध्ये दुःख, राग इत्यादींची चिन्हे जोडली गेली, तरी हा वापर टिकून आहे.

भाषांतर करताना आणखी एक काळजी घ्यावी. 'आय वुड लाइक टी' याचे 'मला चहा आवडेल' हे शब्दशः रूप टाळावे. तेथे इच्छा व्यक्त होते. म्हणून 'मला चहा हवा' म्हणावे.

४.४ स्वयंअध्ययन प्रश्न
१. 'मला तुझी कविता आवडली' आणि 'मी तुझी कविता लाइक केली' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. 'गाणे आवड' हे वाक्य अस्वीकार्य का ठरते?
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरच्या बोलीतील आवड-नावड सांगणारी दहा वाक्ये जमवा. व्यक्तीला कोणता प्रत्यय लागतो आणि क्रियापद कशाशी जुळते, ते नोंदवा.

४.५ सारांश
'आवडणे' हा अनुभव, 'पसंत करणे' हा निर्णय आणि 'लाइक करणे' ही खूण. निर्णय एकाच्या वतीने दुसरा घेऊ शकतो. अनुभव ज्याचा त्यालाच सांगावा लागतो. वडिलांनी 'केला' म्हटल्यावरही मावशीचा प्रश्न शिल्लक राहतो, तो यामुळेच. आणि त्याचे उत्तर मुलीनेच द्यायचे असते.