घरात माणसं पाच, चहा सात

अगं, परवा फोनवर तू ती यादी वाचून दाखवलीस, तेव्हा आधी मला हसू आलं आणि मग तुझी दयाच आली. सासऱ्यांना गवती चहा, सासूबाईंना गुळाचा, नवऱ्याला लोट्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाताना आल्याचा कडक. नणंद डेरवणहून ड्युटी संपवून आली की तिला ग्रीन टी. आता चतुर्थीला मुंबईची जाऊ येणार, ती कसल्या कसल्या वासाच्या पुड्या घेऊन. वर आरतीला आणि भजनाला येणारी सगळी वाडी. 'ताई, मी काय चहाची टपरी उघडलीय?' म्हणालीस. नाही गं, पण उघडली असतीस तरी निभावली असतीस. पहिल्याच वर्षी एकवीस मोदक एकही न फुटता उकडून काढलेस तू, आणि चहाला घाबरतेस होय?

बघ, कुणाला कुठली चव लागते हे पाठ करत बसू नकोस. कुठली वस्तू पातेल्यात कधी पडते, तेवढं हाताला कळू दे. निम्मे चहा बिघडतात ते वेळ चुकल्याने, आणि दोष मात्र येतो दुधावर नाहीतर चहापावडरीवर.

आल्याचंच घे. आलं जातं पाण्यात, दुधात कधीच नाही. ताज्या आल्यात एक पाचक द्रव्य असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं, म्हणून कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की त्याचा तो जोर जातो, तिखटपणा तेवढा राहतो. आलं किसू नकोस, खलबत्त्यात चेच. किसलेलं आलं सगळा रस एकदम सोडतं आणि चहा घशाला बोचतो. मला स्वतःला आल्याचा चहा पावसात भिजून आल्यावरच आवडतो, एरवी तो मला जरा भांडखोर वाटतो. तुझ्या नवऱ्याला पहाटे पाचला तसाच हवा असेल तर आलं रात्रीच धुऊन, सोलून ठेव. अर्धवट झोपेत आलं सोलण्याइतकं प्रेम कुणावरच करू नये.

वेलची याच्या अगदी उलट. तिचा वास उडून जाणारा. आधीपासून उकळलीस तर स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात काही उरत नाही. चहा झाला, गॅस बंद करायचा, त्याच्या अर्धा मिनिट आधी सालासकट कुटून टाक आणि झाकण ठेव. पुदिना आणि तुळसही तशीच, शेवटी आणि झाकणाखाली. पुदिन्याचा दुधाचा चहा मात्र मला अजून जमलेला नाही. म्हणजे करता येतो, पिववत नाही. दात घासून लगेच दूध प्यायल्यासारखं वाटतं. पुदिना कोऱ्या चहात घाल, वर लिंबाचे चार थेंब, मग बघ.

गुळाचं मात्र नीट ऐक, कारण तिथे सासूबाईंशी गाठ आहे. गुळात थोडी आंबटाई असते, क्षार असतात, त्यामुळे उकळत्या दुधात पडला की दूध फुटायची भीती. चहा पूर्ण होऊ दे, गॅस बंद कर, मग गूळ घालून ढवळ आणि गाळ. परत आचेवर ठेवायचा नाही, 'जरा गार झालाय गं' म्हणाल्या तरी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी गुळाच्या चहाचं पनीर केलं होतं, आमच्याकडे अजून कुणी पनीर आणलं की माझ्याकडे बघून हसतात.

आता गवती चहा. खरं सांगू का, जगातल्या सगळ्या वासाच्या चहांमध्ये मला हाच पहिला. आणि हा तर आपल्याला फुकट. सावर्ड्यात कुणाच्याही मागच्या दारी जा, न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू असतं आणि त्याच्या शेजारी गवती चहाचं बेट. पावसाळ्यात तर ते इतकं माजतं की जाता-येता पायाला ओरखडे काढतं. पातीच्या कडा धारदार असतात, ओढून तोडू नकोस, बोट कापेल. बुडाशी धरून विळीने नाहीतर कात्रीने काप. जून, पिवळी टोकं टाकून दे. चार-पाच पाती घे, धू, दुमडून त्यांची एक गाठ मार आणि गार पाण्यातच टाक. पाणी तापत जातं तसा तो वास हळूहळू उतरतो. गाठ मारायची ती गाळताना तुकडे गाळण्यात अडकू नयेत म्हणून. शिवाय ती उचलून बाहेर काढता येते. उकळी आल्यावर दोन मिनिटांनी काढच. पुष्कळ जणी ती शेवटपर्यंत उकळत ठेवतात, मग चहाला गवताची कडसर चव येते आणि सासरे म्हणतात, पूर्वीसारखा होत नाही.

याला लिंबाचा वास असतो, पण दूध फाटत नाही, हे कधी मनात आलंय का तुझ्या? लिंबाच्या सालीत जे सिट्रल असतं तेच या पातीत आहे. मात्र लिंबाच्या रसातली आंबटाई इथे नाही, म्हणून दुधाशी त्याचं छान जमतं. आलं आणि गवती चहा एकत्र घालायचे असतील तर आलं निम्मं कर, नाहीतर ते दुसऱ्याला बोलूच देत नाही. गवती चहात वेलची घालू नकोस. दोन वास एकमेकांशी भांडतात आणि पिणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि हो, रात्री कुणाला झोप यायची असेल तर चहापावडर न घालता नुसत्या पातीचं पाणी, थोडा गूळ, बस. त्यात कॅफीन नाही. आपल्याकडे बाळंतिणीलाही देतात बघ. दिवाळीनंतर बेट सुकायला लागतं, तेव्हा पाती सावलीत वाळवून डब्यात भर. ताज्याची सर नाही, पण मुंबईला न्यायला बरी पडते.

दालचिनी, जायफळ हेही आपल्याच भागातलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' आणि जायफळाच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आहेत. तुमच्या नारळी-पोफळीत जागा असेल तर सासऱ्यांच्या कानावर घाल. खरी दालचिनी पातळ, पापुद्र्यापापुद्र्यांची, हाताने चुरली जाते. बाजारात बरेचदा मिळते ती जाड, लाकडासारखी साल, ती तिखट आणि उग्र. पातळ सालीचा चहा गोडसर लागतो, साखर आपोआप कमी लागते. जायफळ मात्र चिमूटच, बोटावर घेऊन. जास्त झालं तर नुसती गुंगी नाही, चक्कर येते, मळमळतं.

नणंदेच्या ग्रीन टीबद्दल तुझी तक्रार होती की 'कडू होतो, ती तोंड वाकडं करते.' अगं, तू उकळतं पाणी ओततेस ना? पाणी उकळलं की गॅस बंद करून तीनेक मिनिटं थांब, साधारण 80 अंशांवर येऊ दे. मग पुडी बुडव आणि दोन-तीन मिनिटांत काढून टाक. पुडी कपात ठेवून गप्पा मारत बसलं की तुरटपणा उतरत राहतो. तो तुरटपणा आणतं ते कॅटेचिन, आणि हे कॅटेचिन सापडलं ते मुळात खैराच्या कातात. म्हणजे बघ, आपल्या सावर्ड्यात काताचे कारखाने, आणि घरात नणंद त्याच तुरटपणाला कंटाळलेली. मी बाकी ग्रीन टीवर फारशी खूश नाही. चांगल्या पानाचा असेल तर कोवळ्या शेंगा वाफवल्यासारखा एक हिरवा वास येतो, तो आवडतो. मध-लिंबू वगैरे लिहिलेल्या पुड्यांत मात्र मला चहा सोडून सगळं सापडतं.

जावेच्या पुड्यांना तर मुळीच बिचकू नकोस. अर्ल ग्रे म्हणून जी असते तो साधा काळा चहा, त्याला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल लावलेलं असतं. पहिला घोट घेतला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी अत्तर लावून कपावर वाकलं होतं. दूध न घालता, थोडी साखर घालून दुसऱ्यांदा घेतला तेव्हा आवडला. मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचा जो चिनी चहा असतो, त्यात अत्तर नसतं. रात्री उमलणाऱ्या कळ्या पानांत मिसळून ठेवतात, वास पानं ओढून घेतात, मग फुलं काढून टाकतात. तो मला फार आवडला, पण जेवणानंतर. सकाळी उपाशीपोटी फुलांचा वास नको वाटतो. जास्वंदीचा म्हणून लाल रंगाचा मिळतो तो आपल्या देवाच्या जास्वंदीचा नव्हे, लाल अंबाडीच्या बोंडांचा. आंबटढोण. त्यात चुकूनही दूध घालू नकोस. कॅमोमाइल मला सुकलेल्या पेंढ्यासारखा लागला, पण जावेला आवडतो तर आवडू दे. आणि मुलं कंटाळली तर दारातल्या गोकर्णीची चार निळी फुलं गरम पाण्यात टाक, निळंशार पाणी होतं, लिंबू पिळलं की जांभळं. चवीला शून्य, पण अर्धा तास शांतता.

सासूबाई म्हणतात ना, 'पाहुण्यांना असला फिका चहा दिला तर लोक काय म्हणतील?' लोक चहावरून काय काय म्हणू शकतात ते त्यांना सांग. 1890 साली पुण्यात पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली, त्यांत टिळक होते, रानडे होते. आपल्या आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव, त्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. मग ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्त, सगळं झालं. त्यापुढे तुझ्या ग्रीन टीचं काय घेऊन बसलीस!

आता खरी काळजी, भजनाची रात्र. तिथे आवडीनिवडी विचारायच्याच नाहीत. एकच चहा, गवती चहा नि आल्याचा, सगळ्यांना. चाळीस छोट्या कपांना अडीच लिटर पाणी, दोन लिटर दूध, 100 ग्रॅम चहापावडर, पाव किलोहून मूठभर जास्त साखर. आलं पन्नासेक ग्रॅम चेचून, गवती चहाच्या दोन चांगल्या गाठी. पाणी, आलं, गाठी आणि साखर आधी. उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटांनी गाठी बाहेर, पावडर आत, तीनेक मिनिटं. दूध वेगळं तापवून मग ओत, म्हणजे टोप परत उकळीला यायला वेळ लागत नाही. एक उकळी आली की लगेच सगळा गाळून दुसऱ्या टोपात. हे विसरू नकोस. पावडर तशीच ठेवून तासभर गरम करत राहिलं की चहा काळा नि कडवट होतो. गाळलेला टोप चुलीच्या वैलावर झाकून ठेव, मंडळी गवळण म्हणेपर्यंत गरम राहतो. साखर न खाणाऱ्यांसाठी चार-पाच कप कोरा चहा आणि लिंबाच्या फोडी बाजूला. लिंबू पिळलं की रंग उजळतो, तेवढंच कौतुक. जाखडीवाले आले तर त्यांना मात्र कडक लागतो, नाचून आलेली असतात बिचारी. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं टाक, पावडर दीडपट.

आणि तुझं काय गं? मागे तुझं हिमोग्लोबिन कमी आलं होतं, गोळ्या चालू आहेत ना? मग जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा अजिबात नाही. चहातले तुरट घटक लोह अंगी लागू देत नाहीत, तासाभराचं अंतर ठेव. सणाच्या दिवसांत सगळ्यांचं उरलेलं अर्धं-अर्धं पिऊन दिवस काढायची आपल्या बायकांना खोड. तुझा कप पहिला ओतून बाजूला ठेव आणि बसून पी. सासूबाईंनी बघितलं तर त्यांनाही एक ओत.

शेजारच्या काकूंकडे कपांचं आजच सांगून ठेव, चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणाकडेच नसतात. जावेच्या पुड्यांचा डबा तिच्याच हाती दे नि गरम पाणी कुठे आहे ते दाखव, तिचा चहा ती करेल. आणि चिपळूणला जाणार असशील तर मोठं, जाड जाळीचं स्टीलचं गाळणं घेऊन ये. प्लॅस्टिकचं आणलंस तर भजनाच्या रात्री दांडा वितळेल आणि मला फोन करशील, तेव्हा मी उचलणार नाही.