भागीत होडी घेताय? आधी हे वाचा



मागच्या हंगामानंतर दोघे जण ऑफिसात आले. नावं सांगत नाही. नात्यानं साडू. दोघांनी मिळून होडी आणि जाळी घेतली होती, चार हंगाम एकत्र मासे धरले. एका व्यापाऱ्याला उधारीवर माल देत गेले. बाकी साचत साचत एक लाख चाळीस हजारावर गेली. व्यापारी आधी उद्या-परवा म्हणायचा, मग फोन उचलणंच बंद केलं. वकिलाकडे गेले तर वकिलानं पहिलं विचारलं, "फर्म नोंदवलेली आहे का?" दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. फर्म म्हणजे पाटी लावलेलं दुकान, एवढंच त्यांना माहीत.

आपल्याकडे कारंजा असो, अमरजा असो की भीमेचा काठ, भागीतला धंदा बहुतेक तोंडीच चालतो. म्हणून आज हा विषय घेतला.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. दोन किंवा जास्त माणसांनी मिळून धंदा करायचा, तो सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीनं एकानं चालवायचा आणि नफा वाटून घ्यायचा, असं ठरलं की भागीदारी झाली. हे कलम ४. त्यात शिक्क्याचं, पाटीचं, स्टॅम्प पेपरचं नाव नाही. चहा पिता पिता ठरलं तरी झाली. त्या साडूंची फर्म पहिल्या दिवसापासून होती, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पण वाटा मिळतो म्हणून प्रत्येक जण भागीदार होत नाही. जाळ्यावरच्या गड्याला मजुरी म्हणून नफ्यातला हिस्सा दिला, तर तेवढ्यानं तो भागीदार ठरत नाही. पैसे देऊन व्याजाऐवजी नफ्यात हिस्सा घेणारा सावकारही ठरत नाही. वडिलांची होडी दोन भावांना वारशानं आली तर ते होडीचे हिस्सेदार. भागीदारी करारानं होते, जन्मानं नाही. कोर्ट सगळा व्यवहार बघून ठरवतं. (आणि आपली सहकारी संस्था वेगळी, तिला १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा लागतो. संस्थेचे सभासद म्हणजे एकमेकांचे भागीदार नव्हेत.)

आता खरी अडचण कुठं आहे ते बघा. कागद नसला तरी देणं लागतं. एका भागीदारानं धंद्यासाठी बर्फ, डिझेल, बोटुकली उधार आणली, तर दुसराही त्या पैशाला बांधील. कलम २५ प्रमाणे पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. "मी तर त्या दिवशी गावाला गेलो होतो" हे चालत नाही. फर्मचे पैसे पुरले नाहीत तर स्वतःच्या मालमत्तेवर येतं. येणं मात्र कागदाशिवाय अडतं. कलम ६९ सांगतं की फर्म नोंदलेली नसेल, तर धंद्यातल्या करारावरून बाहेरच्या माणसावर दावा घालता येत नाही. भागीदारालाही भागीदारीच्या करारावरून दुसऱ्या भागीदारावर दावा घालता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण हे पुढचं कुणी सांगत नाही.

धंदा मोडायचा, मोडलेल्या धंद्याचा हिशोब मागायचा, तेवढा दावा नोंदणी नसली तरी चालतो. इथं एक घोळ आहे. लातूर, उदगीरकडचे पाहुणे सांगतात की तोही चालत नाही. महाराष्ट्रानं १९८४ मध्ये तशी दुरुस्ती केली होती, म्हणून ते तसं म्हणतात. पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. आपण कर्नाटकात, आपल्याला ती कधी लागूच नव्हती.

काही ठरवलंच नसेल तर कायदा स्वतः ठरवतो. एकानं ऐंशी हजार घातले, दुसऱ्यानं वीस, आणि वाट्याचं काही बोललं नाही, तर नफा निम्मा-निम्मा आणि तोटाही निम्मा-निम्मा. रात्रभर पाण्यावर कोण होतं, याचा वेगळा पगार नाही. भांडवलावर व्याजही नाही. भांडवलापेक्षा जास्त पैसे घातले तर त्या जास्तीवर ६ टक्के.

आणि जे बोलायला नको वाटतं ते पण लिहितो. पाण्यावरचा धंदा आहे. भागीदार गेला तर भागीदारी संपते. तिघं-चौघं असतील तर पुढं चालू राहील असं आधी ठरवता येतं, दोघंच असतील तर ठरवूनही उपयोग नाही. नंतर उरलेल्यानं हिशोब न करता तीच होडी, तीच जाळी वापरून धंदा चालू ठेवला, तर गेलेल्याच्या वारसांना दोनपैकी एक मागता येतं: त्याच्या हिश्शामुळं झालेला नफा, किंवा त्या हिश्शावर वर्षाला ६ टक्के व्याज. वहिनींना "तुमचं काय होतं त्यात" म्हणून परत पाठवणं हे कायद्यात बसत नाही. हिशोबाचा दावा धंदा मोडल्यापासून ३ वर्षांत घालावा लागतो.

जिवंतपणी बाजूला झालात तर जाहीर नोटीस द्या, नाहीतर जुनी ओळख धरून कुणी उधार दिलं तर ते तुमच्यावरही येऊ शकतं.

त्या साडूंचं काय झालं ते राहिलं. फर्म नंतर नोंदवली तरी चालते, फक्त दावा घालायच्या दिवशी नोंदणी झालेली हवी आणि सगळ्या भागीदारांची नावं नोंदवहीत हवीत. त्यांनी भागीदारीपत्र केलं, फर्म नोंदवली, मग दावा घातला. पण उधारीची मुदत ठरलेली नव्हती, आणि मुदत नसली की माल दिल्या दिवसापासून ३ वर्षं धरतात. पहिल्या हंगामाचा माल त्याच्या पुढं गेला होता. तेवढे पैसे बुडाले.

नोंदणीच्या अर्जात फर्मचं नाव, धंद्याची जागा, प्रत्येक भागीदार कधी आला ती तारीख, पूर्ण नावं, कायमचे पत्ते आणि मुदत लिहायची, खाली सगळ्यांच्या सह्या. मुद्रांक आणि फी किती, ते जिल्हा निबंधक कार्यालयात विचारून घ्या. ज्यांची उधारी अडकली आहे त्यांनी ऑफिसला येताना वही आणा, आणि कोणता माल कोणत्या तारखेला दिला ते आधी घरी बसून लिहून काढा.

- सचिव