बुंध्याची साल गेलेलें कोंवळें फळझाड कसें वांचवावें?

आंब्याचें अगर संत्र्याचें कलम लावून त्याच्या पाण्याखताचा व राखणीचा चार-पांच वर्षें खर्च करावा, आणि फळ धरण्याच्या सुमारास एखाद्या सकाळीं पाहावें तों त्याच्या बुंध्याची साल वीतभर सोललेली, असा प्रसंग बहुतेक बागायतदारांवर केव्हां ना केव्हां येतोच. सुटलेली शेळी, साळिंदर, औत वळवितांना घासलेलें जूं, गवतास लागलेला वणवा, आणि अलीकडे गवत कापण्याच्या यंत्राची फिरती दोरी, अशीं ह्या जखमेचीं अनेक कारणें आहेत. अशा वेळीं शेतकरी दोहोंपैकीं एक चूक करतो. कोणी झाड गेलें असें समजून तें तत्काळ उपटून टाकतो. तर कोणी पानें हिरवीं आहेत एवढ्यावर विसंबून कांहींच करीत नाहीं. पहिल्या चुकीनें वांचणारें झाड जातें. दुसरीनें वांचविण्याची वेळ जाते. ह्या दोन्ही चुका टाळावयाच्या तर सालीचें काम काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

सालीचें कार्य.—बुंध्याच्या बाहेरच्या अंगास साल, आंत काष्ठ, व ह्या दोहोंमध्यें कागदाहूनही पातळ असा एक बुळबुळीत वाढीचा थर असतो. मुळांनीं शोषलेलें पाणी काष्ठांतून वर चढतें. पानांनीं तयार केलेलें अन्न अंतरसालींतून खालीं मुळांकडे उतरतें. आणि मधला थर एका अंगास नवें काष्ठ व दुसऱ्या अंगास नवी साल निर्माण करतो. सतराव्या शतकांत इटलींतील मार्चेल्लो माल्पीगी ह्या शास्त्रज्ञानें सालीचें कडें काढून पाहिलें, तेव्हां कड्याच्या वरची बाजू फुगते असें त्यास आढळलें. डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. गुटींत आपण इंचभर साल वर्तुळाकार काढतों. तरी पुढची फांदी हिरवी राहते, आणि मुळें फुटतात तीं कड्याच्या वरच्या कांठास, कारण खालीं जाणारें अन्न तेथेंच अडतें.

जी क्रिया आपण गुटींत हेतुपुरस्सर करतों, तीच बुंध्यावर अपघातानें झाली म्हणजे उपाशी राहतात तीं मुळें. सांठविलेलें अन्न असेपर्यंत तीं पाणी पुरवीत राहतात, व झाड कित्येक आठवडे, कधीं कधीं महिनेही, टवटवीत दिसतें. सांठा संपला कीं मुळें मरतात, आणि मग झाड एकाएकीं वाळतें. तेव्हां हिरवीं पानें हें झाड वांचल्याचें चिन्ह नव्हे. आपणांस उपायासाठीं मिळालेली ती मुदत आहे.

जखमेचें मोजमाप.—सुतळीनें बुंध्याचा घेर मोजावा व त्यापैकीं किती भागावरील साल गेली तें पाहावें. जखमेच्या उंचीपेक्षां तिच्या आडव्या रुंदीस अधिक महत्त्व आहे. कारण एका बाजूस तरी साल उभी शाबूत असेल तर अन्न त्या वाटेनें खालीं उतरतें. संशय येईल तेथें साल नखानें किंचित् खरवडावी. आंत ओली व हिरवट-पांढरी असेल तर ती जिवंत, आणि तपकिरी व कोरडी असेल तर मृत समजावी. आगीनें होरपळलेली साल जागेवरच राहते. ती कोठवर मेली हें दोन-तीन आठवड्यांनीं स्पष्ट होतें.

घेराच्या चौथ्या हिश्शाहून कमी साल गेली असल्यास बहुधा स्वच्छतेनेंच भागतें. अर्ध्यापर्यंत गेली असल्यास चांगल्या निगेनें जखम हळूहळू भरून येते. त्याहून अधिक किंवा सर्व बाजूंनीं गेली असल्यास पुढें सांगितलेलें सेतु-कलम करावें.

पहिल्या दिवसाचा उपचार.—सालीची पट्टी एका कडेस चिकटून लोंबत असेल व ओली असेल, तर ती त्याच दिवशीं मूळ जागीं दाबून बसवावी, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी व गोणपाटानें उन्हाचा आडोसा करावा. साल अजिबात नाहींशी झाली असली तरी उघडें काष्ठ ओलें असेल तर त्यास बोट लावूं नये, तें पुसूं किंवा खरवडूं नये. वाढीच्या थराचा कांहीं अंश त्यावर शिल्लक असतो. प्लॅस्टिकनें झांकून तो सुकूं न दिल्यास कधीं कधीं त्यांतून नवी साल धरते.

जखम जुनी होऊन काष्ठ वाळलें असल्यास धारदार व स्वच्छ चाकूनें फाटके कांठ जिवंत सालीपर्यंत गुळगुळीत कापावे. जखम विनाकारण वाढवूं नये. नंतर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी ह्या प्रमाणाचें बोर्डो मलम वाळलेल्या काष्ठावर व भोंवतालच्या खोडावर लावावें. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडें वापरूं नये. संत्रा-मोसंबीच्या डिंक्या रोगाची बुरशी जखमेंतून सहज शिरते, म्हणून तेथें हा लेप चुकवूं नये. परंतु लेपानें जखम भरते असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील वनखात्याचे शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो ह्यांनीं असंख्य खोडें चिरून असें दाखविलें, कीं झाड जखमी काष्ठ दुरुस्त करीत नाहीं, तर त्याभोंवतीं जणूं भिंत घालून तें वेगळें पाडतें. हें मत त्यांनीं १९७७ सालीं सविस्तर मांडलें. डांबर व रंग फांसल्यानें आंतील कुजणें थांबत नाहीं, हेंही त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. म्हणून ती जुनी चाल सोडावी.

सेतु-कलम.—जखमेच्या खालची व वरची जिवंत साल काड्यांनीं जोडून अन्नास नवी वाट करून देणें म्हणजे सेतु-कलम. साल काष्ठापासून सहज सुटते अशा वेळीं, म्हणजे नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, तें करावें. त्याच झाडाच्या अगर त्याच जातीच्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी व पक्व काड्या निवडाव्या. आठ-दहा दिवस आधीं त्यांवरील पानें देंठ ठेवून छाटावीं. काडी जखमेच्या उंचीहून चार इंच अधिक लांब घेऊन तिचीं दोन्ही टोंकें एकाच बाजूनें दीड-दीड इंच तिरपीं कापावीं. जखमेच्या वर व खालीं सालीस उभी चीर द्यावी, कापलेली बाजू काष्ठाकडे करून टोंक सालीखालीं सरकवावें व बारीक खिळ्यानें ठोकावें. ह्या सांध्यांच्या जागीं बोर्डो मलम लावूं नये; ते मेणानें बंद करावे.

काडी धनुष्यासारखी किंचित् बाहेर वांकलेली राहावी, म्हणजे वाऱ्यानें झाड हललें तरी ती उखडत नाहीं. शेंड्याकडील टोंक वर व बुडाकडील खालीं हा क्रम कटाक्षानें पाळावा. उलटी बसविलेली काडी जुळली तरी नीट जाड होत नाहीं. दोन-तीन इंचांच्या अंतरानें जखमेच्या सर्व रुंदीवर अशा काड्या बसवाव्या, व पुढें त्यांवर फूट आल्यास ती खुडावी.

जखम जमिनीपर्यंत उतरून खालीं काडी बसविण्यास साल उरली नसेल, तर बुंध्यालगत खुंटाच्या जातीचीं दोन-तीन रोपें लावावीं, आणि तीं जगल्यावर त्यांचे शेंडे जखमेच्या वरच्या सालीखालीं जोडावे. भेट-कलम बांधणाऱ्या कोंकणांतील माळ्यास हें अवघड नाहीं. पुढें त्या रोपांचीं मुळेंच झाडास पोसतात.

छाटण्यापूर्वीं सांधा पाहावा.—सेतु साधण्यासारखा नसेल तर मुळांतील सांठा संपण्याच्या आंत झाड जखमेखालीं छाटावें. जखम कलमाच्या सांध्याच्या वर असून मध्यें जिवंत साल असेल, तर तेथून येणारी फूट मूळ जातीचीच असते. त्यांपैकीं एक जोमदार फूट काठीस बांधून वाढवावी. जखम सांध्यावर किंवा त्याखालीं असेल तर येणारी फूट खुंटाची, म्हणजे संत्र्यांत जंबेरीची किंवा रंगपूर लिंबाची, व आंब्यांत रायवळाची असते. ती तशीच वाढूं दिली तर हापूस लावून रायवळ खाण्याची पाळी येते. अशा फुटीवर संत्र्यांत डोळा भरावा, आंब्यांत पुन्हां कलम करावें. खालीं जुनीं मुळें तयार असल्यानें वर्षें अगदींच वायां जात नाहींत.

पुढील निगा.—उपचार केलेल्या झाडावर निदान एक हंगाम फळ धरूं देऊं नये. पानें विनाकारण छाटूं नयेत, कारण मुळांचें अन्न तेथेंच तयार होतें. पाणी बेतानें द्यावें. संत्र्यास दुहेरी आळें करून बुंध्यास पाणी लागूं देऊं नये, आणि खताचा ढीग बुंध्यास भिडवूं नये.

प्रतिबंध.—बुंध्याभोंवतालचें हातभर गवत हातानेंच उपटावें. तेथें यंत्र नेऊं नये. तारेच्या जाळीचें कडें खोडास न टेंकेल असें उभें करावें. पाऊस संपून गवत वाळूं लागतांच बागेभोंवतीं जाळरेषा काढावी. कलमावरील प्लॅस्टिकची पट्टी सांधा पक्का होतांच सोडावी. राहून गेल्यास ती खोडांत रुतते व शेळीनें सोलावें तशीच अन्नाची वाट बंद करते.

एका झाडाच्या सेतु-कलमास अर्धा दिवस, चार-सहा काड्या व मूठभर खिळे एवढें पुरतें. नवें कलम बाजारांत मिळतें. त्यामागील चार-पांच वर्षें मिळत नाहींत. म्हणून साल गेलेलें झाड दिसतांच कुदळ आणण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं प्रथम सुतळी आणावी व घेर मोजावा.