सलाफहादच्या पाच मुली आणि आपल्या घरातले हक्कसोडपत्र

(बायबलमधील धैर्यवान स्त्रिया : अभ्यासपाठ)

वाचन : गणना २७:१-११ आणि यहोशवा १७:३-६



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी ऑफिसात आल्या. हातात घडी घातलेला, टाइप केलेला कागद होता. वडील वारले होते. गावाकडच्या जमिनीवर वारसांची नावे लावायची होती आणि भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले होते. दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून रजिस्ट्रार ऑफिसात जायचे ठरले होते. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "फादर, एकच विचारायचंय. सही नाही केली तर पाप लागेल का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगतो. माझे वडील वारले तेव्हा माझ्या दोन्ही बहिणींनी अशाच कागदावर सह्या केल्या. मी त्या वेळी तिथेच बसलो होतो. पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना धैर्य या सद्गुणावर मी मोठा निबंध लिहिला होता. पण "ताई, तुला काय वाटतं?" एवढे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. चहा झाला, सह्या झाल्या. पोरी समजूतदार आहेत, असे सगळे म्हणाले आणि विषय संपला.

दबोरा, रूथ, एस्तेर, यहुदीथ यांच्याविषयी आपण महिला मंडळाच्या सभेत बोललो आहोत. आज मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात. त्यांनी सैन्य चालवले नाही, कोणाचे शिर कापले नाही. त्यांनी फक्त वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला.

पाच बहिणी

इस्राएल लोक मवाबाच्या मैदानात, यार्देन नदीच्या काठी पोहोचले होते. देशात प्रवेश होण्यापूर्वी लोकांची गणती झाली आणि त्या यादीप्रमाणे जमीन वाटली जाईल असे ठरले. यादीत वीस वर्षांवरील पुरुषांची मोजदाद होती. मनश्शेच्या वंशातला सलाफहाद अरण्यातच मरण पावला होता. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी गेल्या. तिथे मोशे होता, एलाजार याजक होता, सरदार होते, सारी मंडळी होती. आपल्या गावच्या ग्रामसभेत, सगळे पुढारी समोर बसलेले असताना पाच अविवाहित मुली उभ्या राहून बोलू लागल्या, तर कशी कुजबुज होईल याची कल्पना करा. त्या बोलल्या आणि नीट मांडणी करून बोलल्या. आमचे वडील कोरहाच्या बंडात सामील नव्हते, त्यांना मुलगा नव्हता म्हणून त्यांचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हांला आमच्या चुलत्यांबरोबर वतन द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात रडणे नव्हते, तसेच कोणाला शिव्याशापही नव्हते. वस्तुस्थिती होती, युक्तिवाद होता आणि मागणी होती.

मोशेने काय केले हेही महत्त्वाचे आहे. त्याने त्यांना हसण्यावारी नेले नाही. आपली रीत अशी नाही, असेही तो म्हणाला नाही. आपल्याला याचे उत्तर ठाऊक नाही हे ओळखून त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने निर्णय दिला की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. एवढेच नव्हे, तर ज्याला मुलगा नसेल त्याचे वतन मुलीला मिळावे असा सर्वांसाठी नियमच झाला. पाच मुलींच्या प्रश्नातून देवाच्या लोकांचा कायदा घडला.

गोष्ट इथेच संपत नाही. पुढे कुळातील पुरुष तक्रार घेऊन आले की या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीन बाहेर जाईल. म्हणून त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा असे ठरले, आणि त्यांनी तसे केले. त्यानंतर मोशे वारला, यहोशवा पुढारी झाला, देशाची वाटणी सुरू झाली. तेव्हा या पाच जणींना पुन्हा एकदा एलाजार व यहोशवा यांच्यापुढे जाऊन, परमेश्वराची आज्ञा आहे, आमचा वाटा द्या, असे सांगावे लागले. म्हणजे कायदा होऊनही वाटा आपोआप हातात पडला नाही. दुसऱ्यांदा मागावा लागला, तेव्हा कुठे मिळाला.

धैर्य म्हणजे काय?

ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधले असते. संत थॉमस अक्वायनस त्याही पुढे जातात. धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे नसून टिकून राहणे, जागा न सोडणे हे आहे, असे त्यांचे मत आहे. सलाफहादच्या मुलींनी नेमके हेच केले. त्या पळाल्या नाहीत आणि भांडल्याही नाहीत. त्या उभ्या राहिल्या, आणि गरज पडली तेव्हा पुन्हा उभ्या राहिल्या. असे धैर्य दाखवायला तलवार लागत नाही. म्हणून ते आपल्या घरातल्या कोणत्याही स्त्रीला शक्य आहे.

आपल्या मातीतही अशा स्त्रिया झाल्या. पुण्याहून सोलापूरला रेल्वेने येताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा आपल्या सर्वांना शिकवणारी आहे. १८८२ साली पती वारल्यानंतर तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या, आणि त्याच वर्षी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि १९२२ साली देह ठेवला. दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पाच बहिणींची आठवण रमाबाईंमुळे मला नेहमी होते.

केरळमधील कोट्टायमच्या शिक्षिका मेरी रॉय यांचे उदाहरण तर अगदी याच विषयाचे आहे. त्रावणकोरच्या जुन्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे. मेरीबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ साली तो कायदा लागू नसल्याचा निकाल मिळाला. समाजात आणि चर्चच्या काही वर्तुळांतही त्यांच्यावर नाराजी झाली. ही गोष्ट आपण ख्रिस्तसभेतील लोकांनी विसरू नये.

आणि आपल्या सोलापुरात? शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदावरी परुळेकरांचे नाव तिला दिले आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचे वाटप झाले. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी अनेक वर्षे मोर्चे काढून ही घरे मिळवली. घराच्या कागदावर बाईचे नाव असणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

आपला कायदा काय सांगतो?

बऱ्याच जणांना हे माहीत नसते म्हणून स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले तर एक तृतीयांश भाग आईचा, आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींमध्ये सारखे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. समजा नऊ एकर जमीन आहे. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आईला तीन एकर, आणि प्रत्येक मुलाला व मुलीला दोन-दोन एकर. आपल्या शेजारच्या हिंदू भगिनींनाही महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे.

सलाफहादच्या मुलींना भाऊ नव्हता म्हणून वाटा मिळाला. आपला कायदा त्याच्याही पुढे गेला. पण बायबलमध्येही याची चाहूल आहे. ईयोबाने संकटातून सावरल्यावर आपल्या तीन मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले, असे त्या ग्रंथाच्या अखेरीस सांगितले आहे.

"पण फादर..."

हा विषय काढला की तीन गोष्टी ऐकू येतात.

पहिली : "तिच्या लग्नात खर्च केला की." खरे आहे. पण खर्च मुलाच्या लग्नातही होतो, त्याच्या शिक्षणातही होतो. तो कोणी त्याच्या वाट्यातून वजा करत नाही.

दुसरी : "प्रभू येशूने वाटणी करायला नकार दिला होता." लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायचे नाकारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. मग कोठारे मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला देतो. हा दाखला बहिणीला ऐकवण्याआधी भावाने स्वतः वाचावा. आपला वाटा मागणे हा लोभ नाही. दुसऱ्याचा वाटा आपल्या कोठारात भरणे हा लोभ आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे : "माहेर तुटेल." माझ्यासमोर बसलेल्या भगिनीलाही हीच भीती होती. जमिनीची किंमत त्यांना पाठ होती, पण मन अडकले होते ते नाताळात येणाऱ्या भावाच्या फोनमध्ये, आईच्या हातच्या करंज्यांमध्ये. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी केवळ बहिणींना, धैर्य दाखवा, असे सांगून थांबणार नाही. पाच बहिणींना बोलण्याचे धैर्य लागले, आणि मोशेला ऐकण्याचे. पुनरुत्थानाची वार्ता मरिया मग्दालिया आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांनी आणली तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असे लूक सांगतो. त्यांना ऐकायला वेळ लागला. २०१६ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मरिया मग्दालियाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांप्रमाणे सणाचा दर्जा दिला. बंधूंनो, माहेर तुटेल की राहील हे बहिणीच्या सहीवर अवलंबून नसते. ते तुमच्यावर अवलंबून असते.

तर मग काय करावे?

बहिणीने आपला वाटा आनंदाने भावाला दिला तर ते सुंदर दान आहे. पण जे आपले आहे तेच दान करता येते. म्हणून आधी वाटा किती ते तिला नीट सांगा. कागद वाचून दाखवा. विचार करायला वेळ द्या. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर सहज रद्द होत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. आणि वडिलांनो, तुमच्या हयातीतच मुलामुलींना एकत्र बसवून हे बोला.

त्या भगिनींना मी शेवटी एवढेच म्हणालो, "ताई, सही न करणे हे पाप नाही. सही करणेही पाप नाही. पण न विचारता, घाबरवून सही घेणे हे मात्र पाप आहे." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग कागदाची पुन्हा घडी घातली आणि म्हणाल्या, "काय करायचं ते मी ठरवीन, फादर. पण उद्या नाही जाणार. आधी भावांशी बोलते."

त्यांनी पुढे काय केले हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. त्या रात्री मी मात्र माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला, आणि इतक्या वर्षांपूर्वी जे विचारायचे राहून गेले होते ते विचारले. ती आधी हसली. मग बराच वेळ बोलत राहिली.

घरी एकत्र बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घराच्या, शेताच्या कागदांवर कोणाकोणाची नावे आहेत? घरातील स्त्रियांना ते माहीत आहे का?
२. आपल्या घरात एखाद्या बहिणीने सही केली असेल, तर तिला आधी विचारले होते का?
३. मोशेप्रमाणे, "मला उत्तर माहीत नाही, देवापुढे नेऊ या," असे आपण शेवटचे कधी म्हणालो?

प्रार्थना

हे परमेश्वर पित्या, पाच बहिणींचे म्हणणे तू ऐकून घेतलेस. आमच्या आया-बहिणींना आणि लेकींना खरे बोलण्याचे बळ दे. आम्हा पुरुषांना ऐकण्याचे मन दे. आमच्या घरांतील वाटण्यांमुळे मने तुटू नयेत, आणि मने जपण्याच्या नावाखाली कोणावर अन्याय होऊ नये, अशी कृपा कर. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
तुमचा धर्मगुरू